अठरा किलो

बस, उर्वी. पंखा लावतो.
हा तो. अठरा किलो आहे, आधीच सांगतो,
तुझ्या स्कूटरवर मावायचा नाही.
दांडिया बाजारातून मांजलपूरचे शंभर म्हणतील,
ऐंशीत येतात.

चांगलं आधी ऐक.
हा बेसूर होत नाही.
नऊ रात्री उघड्या मैदानावर, वरून दव,
बॅन्जोच्या तारा रोज दहाला उतरायच्या,
ढोलकीची शाई ओली,
वसुधाताईंचा गळा सातव्या रात्री फाटायचा.
हा पहिल्या आरतीला जिथे
शेवटच्या आरतीलाही तिथेच.
लोक याला गुण म्हणतात. मीही म्हणायचो.
पण ज्याला नऊ रात्रींत काहीच होत नाही
त्याच्याशी दहाव्या दिवशी बोलायचं काय?

पडदा बघ, काडेपेटीएवढा.
या फटीतून आत शिरायचं:
पान, पोटपान, त्याच्या पोटात आणखी एक.
फिल्टर सापडेपर्यंत अंतरा संपतो.
पुस्तक मी तीन उन्हाळे वाचलं,
इंग्रजी होतं म्हणे.
मग एकदा कळलं, की
खंडेराव मार्केटमागच्या गल्ल्यांसारखं आहे,
डोक्याने गेलं तर चुकतं.
आता अंधारात बोटं जातात.

एका वेळी चौसष्ट स्वर.
पासष्टावा दाबलास की
सगळ्यात जुना, विझत आलेला एक
हा गुपचूप काढून घेतो.
गर्दीत कुणाला कळत नाही.
मला कळायचं.

मींड नाही.
डावीकडे हे चाक, वर ढकल, स्वर चढतो,
सोडलंस की स्प्रिंग त्याला
कान धरून जागेवर आणते.
दरबारीचा गंधार शोधू नकोस यात.
मी शोधला, चाकावर करंगळी ठेवून,
आंदोलन मिळालं नाही, थरथर मिळाली.

सनई भिकार. व्हायोलिन म्हणजे डास.
पण बत्तीस नंबर लाव.
दाब. धरून ठेव.
ऐकलंस?
ही घंटा पितळेची नाही, काचेची नाही,
कुठल्याच देवळात नाही.
दुसऱ्याची नक्कल केली तिथे हसं झालं याचं,
आणि हे एक, जे कुणाचंच नाही,
ते असं.
सोड आता. शेजारी जेवतायत.

मुख्य राहिलं.
आत बॅटरी आहे, रुपयाच्या नाण्याएवढी,
तेवढीच याची आठवण.
दोन वर्षं झाली, चालू केला की
पहिलं वाक्य तेच: बॅटरी संपत आली.
बदलायला हवी. बदलली की पुसलं सगळं.
कंपनीचे आवाज परत येतात, माझे नाही.
फ्लॉप्या आहेत डबाभर, पण ड्राइव्ह मेलाय,
चहाच्या कपाखाली ठेवायला ने.

सत्तेचाळीस नंबर बघ.
नावाला दहाच अक्षरं मिळतात, त्यात ती मावली.
सातव्या रात्रीसाठी केला होता,
फाटक्या गळ्याखाली घालायला अस्तर.
नुसता वाजवलास तर काहीच नाही,
पंखा चालल्यासारखं.
वर कुणी गायला हवं.
ताई आता वाघोडिया रोडला लेकाकडे असतात,
गात नाहीत. म्हणून तर
बॅटरी मी बदलली नाही, आणि
विकायला काढला तोही म्हणूनच.
हे दोन्ही कसं, विचारू नकोस.

काय म्हणालीस? केबल?
मागे भोक आहे खरं, पाच पिनांचं.
कधी काही लावलं नाही त्यात.
लॅपटॉपवर? सगळे?
घे.

झालं? एवढ्यात?
मी कपसुद्धा विसळला नाही अजून.
केवढं भरलं?

एका फोटोहून कमी.

एकोणीस नवरात्री, ताईंचा गळा,
ते तीन उन्हाळे,
एका फोटोहून कमी.
मग हे अठरा किलो कसले गं?

पैसे राहू दे, नंतर मोजू.
पेडल पिशवीत घातलंय.
त्या बाजूने धर. वाकून.
दाराशी उंबरा आहे.